शालूची दक्षिण

४ एप्रिल १९३२
आजही उशी फिरवली! दुपारी मी माजघरात दाराकडे डोकं करून पडते – तिथे जरा वारा लागतो. भांडी घासून येते तर उशी मोरीच्या बाजूला! ही शालूचीच करणी. सात वर्षांची आहे, ह्यांच्या पहिल्या बायकोची. लग्न होऊन मी अकोल्यात आले त्याला महिना झाला, अजून एकदाही तोंडातून ‘आई’ निघालं नाही. उशीवर मात्र नजर!

५ एप्रिल
पुन्हा उशी. मी पुन्हा दाराकडे आणली. बघू कोण दमतं.

७ एप्रिल
यंदा शालूला शाळेत घालायचं. अमरावतीला आमच्या बाई शिकवत तसं शिकवायला घेतलं. जेवायचा हात उजवा. माठ चुलीच्या डावीकडे. फळीवर काय, सुपाखाली काय – भराभर सांगते. पोरगी हुशार आहे, खोटं कशाला बोलू!

मग खिडकीतल्या सकाळच्या उन्हाकडे तोंड करून उभी केली. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम. डावा हात दाराकडे – ती उत्तर. उजव्या हाताचं मी सांगायच्या आत मोरीकडे बोट करून म्हणाली, “हे दक्षिण.” बाकी एकीचंही नाव ठाऊक नव्हतं, मग ही एकच कुणी शिकवली? विचारलं तर पळून गेली. दिवसभर तेच डोक्यात.

८ एप्रिल
आज उशी कांद्यांच्या टोपलीमागे! माझं डोकंच फिरलं. हे बाजारात भाजी टाकून आले, तेव्हा जेवताना उशीचं त्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, “लय लाडावली हाये. इतवारी मूर्तिजापूरले आत्याकडं नेऊन ठेवतो. आत्याच वळन लावीन तिले.” शालू खालमानेनं जेवत राहिली. मला एवढं नको होतं.

९ एप्रिल
दुपारी मुद्दाम डोळे मिटून पडले, डोकं दाराकडे, पाय मोरीकडे. शालू आली. आज उशी नाही ओढली – माझे पायच दोन्ही हातांनी ढकलायला लागली. उठून बसले. म्हटलं, काहून वं?

रडत म्हणाली, “आईले असंच निजवलं व्हतं. पाय दक्षिणेले करा म्हने. मंग घेऊन गेले तिले. मी आत्याकडं गेली तं तुले कोन फिरवीन?”

उशी मीच मोरीकडे केली. शालू कुठेही जात नाही.