गोळीबरोबरचं दूध

६ नोव्हेंबर, गुरुवार
भाऊजींना गोळी स. ६ ला, पेलाभर दुधाबरोबर. नऊपर्यंत खाटेवरच. शर्टाची बटणं जावेनं, सुमननं लावली. दहाला उठले, फाटकापर्यंत गेले. बाराला पुन्हा आखडले.
जो कंपवात ह्यांना होता, तोच धाकट्या भावाला. डॉक्टर म्हणतात घराण्यात येतोच असं नाही. मग दोघांना कसा.
सुमनच्या मागे धारा, डेअरी, कांद्याची लागण. म्हणून सकाळची गोळी माझ्याकडे. म्हणाली, "आक्का, तुमाला सवय हाय." चार वर्षांची आहे खरी.

९ नोव्हें., रविवार
ग्रंथालयातून आणलेल्या मासिकात या आजारावर लेख. तीनदा वाचला. गोळीतलं औषध आणि दुधा-डाळीतली प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात जातात. दोन्ही एकदम आली की औषध मागे राहतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर.
पुढच्या पानावर लिहिलंय की या आजारात वजन उतरतं, प्रथिनं कमी पडू देऊ नयेत.
म्हणजे दूध द्यायचं की नाही?
ह्यांना चार वर्षं, रोज सकाळी, मी

१० नोव्हें.
काल पुढे लिहवलं नाही.
पारनेरला गेले. मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, दुधाबरोबरच द्या, मळमळत नाही, सगळे तसंच घेतात. मग खोक्यातल्या इंग्रजी कागदाचा फोटो मनीषाला राहुरीला पाठवला. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिनं फोन केला. कागदात लेखासारखंच आहे. शेवटी म्हणाली, "आई, मागचं उकरत बसू नकोस." मी मागचं काही बोललेच नव्हते. लेकीला कसं कळलं?

११ नोव्हें., मंगळवार
सुमनला सांगितलं की सकाळचं दूध रात्री देऊ, डाळ-अंडंही रात्रीच, सकाळी गोळी नुसत्या पाण्याबरोबर. दिवसभराचं तेवढंच पोटात जाणार, फक्त वेळ बदलणार. ती बादली घासत होती. थांबली नाही.
"दादांना शेवटपत्तुर दूध पाजलं. आन् माझ्या मानसाचं तोडायचं व्हय?"
तोडायचं नाही, हलवायचं, म्हटलं. ती म्हणाली, घरात गाय असून आजाऱ्याला सकाळी पाणी दिलं तर डेअरीवर बाया काय बोलतील. शिवाय पुस्तकातलं सगळं खरं असतं का? ते मला तरी कुठं ठाऊक आहे.
भाऊजी खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "गायीला पेंड आन् मला पानी. मी आटलो की मंग बसा रडत." सुमन हसली नाही. मला हसू आलं, मग वाईट वाटलं. शेवटी तेच म्हणाले, वहिनी म्हणते तर आठ दिवस बघू.

१२ नोव्हें.
स. ५:५० गोळी, पाण्याबरोबर. मळमळ. भाकरीचा कोरडा तुकडा दिला, लेखात चालतं म्हटलंय. दूध नाही. साडेआठ झाले तरी उठले नाहीत. सुमन माझ्याकडे बघत होती.

१४ नोव्हें., शुक्रवार
ह्यांच्या आजारपणातल्या वह्या काढल्या. काढायला नको होत्या.
तिसऱ्या वर्षीची वही. "गाय आटवली. आता व्याईपर्यंत कोरा चहा." आठ दिवसांनी: "आज हे एकटे देवळापर्यंत गेले." पुढे: "कालही गेले. गावात विचारतात काय औषध बदललं." मी लिहिलंय, नवस पावला. दोन महिन्यांनी: "गाय व्याली. कालवड. ह्यांना खरवस फार आवडला." आणि चार दिवसांनी: "पुन्हा आखडले. पावसाळी हवेनं असेल."
माझंच अक्षर. वाचते, लिहिते म्हणून गावातल्या बाया माझ्याकडे कागद घेऊन येतात. एका पानावर दूध बंद, दुसऱ्यावर दूध सुरू. मला दिसलं नाही.
पण तेव्हा उन्हाळाही होता. उन्हाळ्यात अंग मोकळं होतं असं हेच म्हणायचे. मग काय धरायचं?

१७ नोव्हें., सोमवार
भाऊजी साडेसातला उठले. शर्ट स्वतः घातला, वरचं बटण राहिलं. गोठ्यापर्यंत गेले, गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. सुमननं धार सोडून बघितलं.
मी चुलीपाशी गेले. डोळ्यांत पाणी. कशाचं, ते मलाच कळेना.

१९ नोव्हें.
आजही साडेसात. कालही. वजन केलं, तेवढंच आहे. रात्री दूध, वरण, एक अंडं. रात्री जरा आखडतात, पण तेव्हा झोपायचंच असतं.
लिहायचं तर खरं लिहावं. भाऊजी बरे राहावेत असं मनापासून वाटतं. आणि ते सकाळचं दूध हलवल्यानं बरे झालेत असं ठरू नये, असंही वाटतं. ठरलं तर ह्यांची तीन वेळा वाढवलेली गोळी, मग त्या गोळीनं नसलेली माणसं अंगणात दिसणं, रात्रीचं उठणं, पडणं, खुबा मोडणं, अंथरुणातला शेवटचा सव्वा महिना. त्या सगळ्याच्या मागे तो पेला उभा राहतो. रोज मी साय बाजूला करून, फुंकून द्यायचे.
दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा?

२२ नोव्हें., शनिवार
भाऊजींची मान आपोआप डोलते. बसल्या जागी अंग वळवळतं. त्यांना कळत नाही, हसतात. आखडणं नाही, पण हे काय नवीन? लेख पुन्हा वाचला. औषध जास्त झालं तर असं होतं म्हणे. जास्त कसं होईल? मी एकच देते.

२३ नोव्हें.
कळलं. सुमनकडं ठेवलेलं जादा पाकीट मोजायला घेतलं, तर गोळ्या कमी. सुमनला विचारलं.  म्हणाली, बारा तारखेला सकाळी ते उठले नाहीत म्हणून ती घाबरली. नगरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला, आखडतात एवढंच सांगितलं, दुधाचं काही सांगितलं नाही. तिकडून दीड करा म्हणाले. तेव्हापासून माझ्या एका गोळीनंतर ती त्या पाकिटातून अर्धी देते.
"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी पुस्तक काढलं आसतं."
राग आला नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. अर्ध्या गोळीनं बरे झाले असतील. दुधाचा संबंध नसेल. मग लगेच लाज वाटली. त्यांची मान डोलते आहे आणि मला हलकं वाटतंय.

२८ नोव्हें., शुक्रवार
नगर. तिघंही गेलो. दोन तास बसलो. डॉक्टरांनी भाऊजींना चालवलं, बोटं उघडमीट करायला लावली. मी दुधाचं सांगितलं, सुमननं अर्धीचं. डॉक्टर म्हणाले, दूध रात्री नेलंत ते ठीक केलंत, तसंच ठेवा, वजन मात्र बघत राहा. गोळी आता जास्त होते आहे, म्हणून मान डोलते. परत एकावर या. सोमवारपासून.
मग फरक कशानं पडला, विचारलं. म्हणाले, दोन्ही एकदम केलंत, आता कसं सांगू? एकावर आल्यावरही असेच चालले, तर दुधाचं म्हणता येईल.
उठताना सुमन म्हणाली, "डॉक्टर, आमच्या दादांना आक्कांनी चार वर्सं दुधाबरुबर गोळी दिली. त्यानं काय झालं आसल का?"
मी तिच्याकडे बघितलंच नाही. डॉक्टर म्हणाले, हा वाढत जाणाराच आजार. दुधानं आजार वाढत नाही. गोळी थोडी कमी पोचली असेल. नसेलही. त्यांना न बघता बोलणं बरोबर नाही.
एस.टी.त सुमननं मला खिडकीची जागा दिली, पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. ती का विचारत होती? मला टोचायला, की माझ्या तोंडून निघत नव्हतं म्हणून? सुप्यापर्यंत विचार केला. दोन्ही वाटतं.

३० नोव्हें., रविवार
उद्यापासून एक गोळी. सुमननं पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाली आता लपवायला काही ठेवलं नाही.
भाऊजी उद्या चालले तर चांगलंच. मग सोमवारनंतर मला ह्यांच्या फोटोपुढे उभं राहून काय म्हणायचं ते ठरवावं लागेल. नाही चालले तर दीडवर जातील, पुढे दोन. त्या वाटेनं मी एकदा जाऊन आले आहे.
आजवर दिवा लावताना जे मागायचं ते नीट माहीत असायचं. आज नुसतेच हात जोडले.

१ डिसेंबर, सोमवार
स. ५:४५. एक गोळी, पाण्याबरोबर. भाकरीचा तुकडा.
६:२०. भाऊजी ओट्यावर, घोंगडी पांघरून. सुमन धार काढते आहे. मी समोर वही घेऊन. "काय लिवता वहिनी?" विचारलं. वेळ, म्हटलं.
६:५०. मान स्थिर आहे. बोटं सैल. उजवा पाय हलवून बघितला, मग डावा.
७:०५. घोंगडी बाजूला केली. दोन्ही पाय खाली घेतले.
"उठू का?" विचारतात.
सुमन बादली घेऊन गोठ्याच्या दारात थांबली आहे.  उठा म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, थांबा जरा.