निळ्या राज्याची पाळी

मी, कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेली, यजमानांच्या मागे नणंदेसह याच घरात राहणारी बाई, जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्याचे कारण नाही, आणि त्याच दमात म्हणतात कागदपत्रे नीट करून ठेवा. यातले जे पटले ते करते आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर कोणाचा विश्वास नसेल तर माझ्या नणंदेला विचारावे. त्यांचे नदीकाठचे शहर मी परवा दुपारी जिंकले, आणि त्या अजून धुसफुसत आहेत.

१. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी पुष्कळ केली आहेत. भांडणाच्या भरात "माझ्यामागे बघाल" म्हणून मी ज्याला जे देण्याचे किंवा न देण्याचे जाहीर केले, ते सर्व रद्द समजावे.

२. माझी कामाची अवजारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, प्लास्टर कालवायची भांडी आणि दातांच्या रंगांची पट्टी, हे सारे कवळ्यांच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीला द्यावे. कवळीत दात रचताना ती एखादा दात किंचित वाकडा बसवते. लोकांना आपले जुनेच तोंड परत मिळाल्यासारखे वाटते. हे तिला मी शिकवलेले नाही, आणि मला ते कधी नीट जमलेही नाही. मोठी सुरी धरताना अंगठा जपावा, एवढे तिला सांगावे.

३. कॉम्प्युटर आणि त्यातला खेळ. याबद्दल जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, नाहीतर माझ्यामागे पहिल्या साफसफाईत तो भंगारात जाईल.

यजमानांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. पुढे कॉम्प्युटर आले तसे ते कॉम्प्युटरही उघडू लागले. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला कॉम्प्युटर परत नेलाच नाही. तो आमच्या घरी आला, आणि त्यात हा खेळ निघाला. चौकोनाचौकोनांचा नकाशा, त्यावर शेते, डोंगर, बंदरे आणि नखाएवढे सैनिक. निळे राज्य त्यांचे, पिवळे माझे. आपल्या पाळीत हव्या त्या चाली करायच्या, बटण दाबायचे आणि खुर्ची सोडायची. मग दुसऱ्याने बसायचे. दुसरा येईपर्यंत यंत्र थांबून राहते. दुसरा तासाने येवो नाहीतर महिन्याने.

आमच्या कामाच्या वेळा जुळत नसत. मी घरी आले की ते दुकानात, ते जेवायला आले की मी प्रयोगशाळेत. लग्न झालेल्या माणसांची गाठ जेवढी पडायला हवी, त्यातली निम्मी आमची त्या नकाशावर पडे. घरी येऊन बघावे तर यांनी माझ्या वेशीवर घोडेस्वार आणून उभा केलेला. चहाचे आधण ठेवण्याआधी मी त्याचा बंदोबस्त करी. जाताना ते दारातून ओरडत, "पूल पाडलाय तुझा. बस आता शोधत!" आणि दिवसभर दात रचताना माझ्या डोक्यात तो पूल.

असाच एक डाव चालू असताना ते गेले. सकाळी छातीत जळजळ होतेय म्हणाले, तरी दुकान उघडायला गेले, आणि तिथे खुर्चीतच संपले. माझी चाल आदल्या दिवशी झाली होती. पडद्यावर ओळ होती : निळ्या राज्याची पाळी.

घरात माणसे जमली होती. त्यांच्यासमोर वन्सं म्हणाल्या, "वहिनीनं सकाळी अडवलं असतं, तर माझा भाऊ आज असता."

वन्सं म्हणजे माझी नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, लग्न केले नाही, पहिल्यापासून आमच्याबरोबरच राहतात. त्या वाक्यानंतर मी त्यांच्याशी बोलणे टाकले. स्वयंपाकघर एक, बेसिन एक, आणि दोन मुक्या बायका. कोणी कोणते भांडे घासून कुठे पालथे घातले, त्यावरून एकमेकींची खबर लागे.

मी रोज कामावरून आले की कॉम्प्युटर लावी, ती ओळ वाची आणि बंद करी. निळी बाजू मीच खेळून टाकली असती तर अडवणारे कोणी नव्हते. एक बटण दाबले की पाळी माझ्याकडे आली असती. हात गेला नाही. तो डाव थांबला होता तोवर यांचे काहीतरी करायचे राहिले होते, आणि ज्याचे काही करायचे राहिले आहे तो माणूस पुरता गेलेला नसतो, असे मला वाटे. कोणाला वेडेपणा वाटला तर वाटो.

मग एका संध्याकाळी लावला, तर ओळ बदललेली. पिवळ्या राज्याची पाळी.

आधी मी ती ओळ दोनदा वाचली. मग नकाशा नीट पाहिला आणि डोके तापले. यांनी किती जपून उभे केलेले घोडदळ कोणीतरी सरळ दलदलीत नेऊन घातले होते. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

"वन्सं, घोडदळ दलदलीत घालतात का कोणी?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय ठाऊक दलदल आहे ते? हिरवं दिसलं. म्हटलं गवत असेल, घोडे चरतील."

मला हसू फुटले. ते थांबेना, आणि थांबले तेव्हा मी रडत होते. वन्संनी पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"आता बाहेर कसं काढायचं ते सांग," त्या म्हणाल्या.

"मी कशी सांगू? मी शत्रू आहे तुमची."

"ते माहीत आहे मला. तरी सांग."

मी सांगितले. तेव्हापासून निळे राज्य त्यांचे. तो डाव त्या हरल्या, पुढचेही बरेच हरल्या. आता मला घाम फोडतात.

माझा मुलगा कामानिमित्त दुसऱ्या शहरात असतो. तो म्हणे, "आई, काय हे ठोकळे बघत बसता दोघी? आता किती सुंदर खेळ निघालेत." आणि त्याने एक आणून बसवूनही दिला. सुंदर होता, खोटे कशाला बोलू. वाऱ्याने गवत हलायचे. पण त्यात कोणी कोणासाठी थांबत नाही. मी चष्मा शोधून लावेपर्यंत माझी राजधानी जळाली. वन्सं म्हणाल्या, "ही तर एक्स्चेंजमधली नोकरीच झाली. बोर्डावर सगळ्या लायनींचे दिवे एकदम लागलेले." आमच्या खेळात मी हरते तेव्हा का हरले ते मला कळते, कारण विचार करायला वेळ होता आणि चूक मी सावकाश, चहा पीत केली होती. ठोकळे आहेत म्हणून बिघडत नाही. माझ्या बंदरात कोणती माणसे राहतात, सकाळी जाळी कोण ओढते, हे मला पडद्याने दाखवायची गरज नाही, मला ते दिसते. आणि एवढी एक चाल करून उठते असे म्हणून मी आजवर एकदाही उठलेली नाही.

तरी तो कॉम्प्युटर, खुर्ची आणि खेळ वन्संच्या मालकीचा राहील. चालू डावात माझ्या बाजूने कोणाला बसवायचे ते त्यांनी ठरवावे. कोणी मिळाले नाही तर डाव तसाच ठेवावा. यंत्राची हरकत नसते.

४. वन्संचे ते वाक्य. त्याचीही व्यवस्था लावते. एका डावात माझ्या राज्यात दुष्काळ पडला. वन्संना तेवढ्यात मला संपवता आले असते. मी खुर्चीत बसून पाहते तो त्यांनी आपले धान्याने भरलेले गलबत माझ्या बंदरात आणून रिते केले होते.

"हे काय वन्सं? चुकून आलं का?"

"चुकून नाही." त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "तो कोणाचं ऐकणारा होता का? मी अडवलं असतं तरी गेला असता. मी बोलायला नको होतं तसं. खेळ आता, तुझी पाळी आहे."

ते वाक्य मी पुष्कळ दिवस सांभाळले होते. मुलानेही ते ऐकले होते, लहान नव्हता. म्हणून लिहिते, की ते माझ्याकडून मिटले आहे आणि वारसाहक्काने कोणाकडे जाऊ नये.

५. यजमानांची तारा जोडायला डाग द्यायची इस्त्री, मीटर आणि स्क्रूड्रायव्हरांची पेटी त्यांच्या दुकानातल्या भागीदारांना द्यावी. मी त्यांना भावजी म्हणते. हे गृहस्थ कॉम्प्युटर बघताक्षणी म्हणतात, "वहिनी, भंगार आहे हे, फेकून द्या." आणि म्हणता म्हणता खिशातून त्याचाच कुठलातरी सुटा भाग काढतात. असे भाग आता मिळत नाहीत, म्हणजे हे कुठेतरी शोधत फिरतात. वन्सं खेळत आहेत तोवर भावजींनी दुरुस्तीला यावे आणि भंगार म्हणण्याचा हक्क अबाधित ठेवावा. या मृत्युपत्रात वाटेकरी असल्यामुळे साक्षीदार होता येत नाही म्हणून ते रुसले आहेत. चहा दिला की निवळतात.

६. घर. हे घर माझ्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. गेल्या महिन्यात मुलगा येऊन म्हणाला, "ऑपरेशननंतर तू माझ्याकडेच ये. घर विकू. आत्याची एका चांगल्या ठिकाणी सोय करतो."

"चांगलं ठिकाण म्हणजे?"

"म्हणजे, तिच्या वयाची माणसं असतात तिथे."

"आणि मी कोणत्या वयाची आहे?"

मुलगा वाईट नाही. घाईत असतो, आणि घाईत त्याला मायाही लवकर उरकायची असते. म्हणून स्पष्ट लिहिते : माझ्यामागे घराचा मालक माझा मुलगा. मात्र वन्संना त्यांच्या हयातीत या संपूर्ण घरात राहण्याचा हक्क आहे. तोवर घर विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, आणि 'थोडे दिवस' म्हणूनही त्यांना कुठे हलवू नये. त्या स्वतः जाते म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

७. बँकेतल्या ठेवीतून आधी वन्संच्या औषधपाण्याची सोय व्हावी. उरेल ते मुलाचे.

८. सही करण्याआधी घडले तेही नोंदवते. ऑपरेशनसाठी मुलगा काल आला. हे मृत्युपत्र तपासून देणाऱ्या वकीलबाईंचा सल्ला होता की त्याला आधीच वाचू द्यावे. त्याने उभ्याउभ्याच वाचले. घराच्या कलमापाशी खाली बसला. वन्सं आत चहा करत होत्या, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?" तो म्हणाला.

"म्हटलं असतंस. प्रेमानं म्हटलं असतंस."

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. मला त्याचा आवाज ऐकू आला, "आत्या, तुझ्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. थंडीच्या आत करून घेऊ."

आज सकाळी सुतार येऊन खिडकीचे माप घेऊन गेला. पैसे मुलाने आगाऊ दिले. आता सही करायला हरकत नाही.

सही : वर लिहिल्याप्रमाणे, कवळ्या बनवणारी, स्वहस्ते

बाईंनी हे आमच्यादेखत वाचून दाखवले व आमच्यादेखत सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार पहिले : ज्यांच्यासाठी बाईंनी कवळ्या बनवल्या ते दातांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या : खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल

दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो, वार मंगळवार