सात दिवस बांगडी नाही

सोमवार, २० मे ९१
अधिक महिना सरला एकदाचा. महिनाभर एक लग्न नाही, दुकानात नुसत्या माश्या मारल्या. आता सगळी लग्नं एका दमात. हिरव्या बांगड्यांची पेटी आली, प्रवासात दोन डझन वाढल्या. (फुटल्या असं लिहायला अजून हात धजत नाही. कासाराच्या घरात आल्यापासूनची सवय.)
अलकीचं लग्न रविवारी. शनिवारी वस्तीवर जाऊन चुडा भरायचा. गंगूबाईनं हे चार वर्षांपूर्वीच बजावून ठेवलंय. हे गेले तेव्हा बायका कुजबुजत होत्या, आता विधवेच्या हातनं कोण भरून घेईल. गंगूबाई पहिल्याच बाजाराला आली, सगळ्यांदेखत माझ्यापुढं बसली, हात पुढं केला. "भर. आन माज्या अलकीचा चुडाबी तूच भरायचा." तिच्यामागून पाटाकडच्या साऱ्या वस्त्या माझ्याकडं राहिल्या. पेठेतली घरं दत्तूभाऊजींची, पाटाकडची माझी. यांचे सख्खे चुलतभाऊ ते, दुकान समोरच. देवीपुढं हळद उचलून ठरलंय, एकमेकांच्या गिऱ्हाईक-घरी भरायला जायचं नाही.

बुधवार, २२ मे
सकाळी रेडिओवर नुसतीच सनई-सारंगी. सासूबाई म्हणाल्या, सेल उतरले वाटतं. मग बातमी. मद्रासकडं प्रचाराच्या सभेत स्फोट. आपले आधीचे पंतप्रधान गेले. हार घालायच्या निमित्तानं कुणी जवळ गेलं आणि... दोन लेकरं मागं. परवाच त्यांच्या पक्षाचा टेम्पो भोंगा लावून दारावरून गेला होता.
एस.टी. बंद. स्टँडवर टायर पेटवले. मी फळ्या लावून घेतल्या.
संध्याकाळी देवळापुढं सभा. फोटो, समई, अख्खी पेठ हजर. शुक्रवारी अंत्यविधी होईपर्यंत दुकानं बंद ठरलं. लोक उठायला लागले तर भाऊजी उभे राहिले. "बाकीच्यांचं काय बी असू द्या. आपुन कासार. तिकडं एका बाईचं कुकू पुसलं, आन आपुन हिरव्या बांगड्या इकायच्या? सात दिस दुखवटा हाय, सात दिस आपली बांगडी न्हाई." सगळ्या गर्दीत मीच आधी उठले, समईला हात लावून म्हणाले, मंगळवारपर्यंत बांगडीला हात लावणार नाही. भाऊजींनी डोळे पुसले. किती बरं वाटलं मला! गावात आपलं माणूस असावं तर असं, वाटलं.

गुरुवार, २३ मे
दुकान बंद. किराणावाल्याचं मागलं दार उघडं, साखर मिळाली. कापडवाल्याच्या माडीवर लग्नाचा बस्ता चाललाय, खालून हसणं ऐकू येतं. सासूबाई म्हणाल्या, "समद्यांची मागली दारं उघडी हायती. तुजीच दोन्ही बंद." म्हटलं, शब्द दिलाय. "व्हय, दिलाय. कुनी घेतला का पन?" म्हातारीला तोंड आवरत नाही.

शुक्रवार, २४ मे
भाऊजींच्या घरी टीव्हीवर अंत्यविधी बघितला, सगळी आळी बसली होती. ती बाई पांढऱ्या साडीत, गॉगल लावून उभी. हलली नाही. मला माझा दिवस आठवला. ओट्यावर माझं मनगट धरून... जाऊ दे. ज्या हातानं हजारो भरल्या, त्याच हातातल्या. जाऊबाईंनी पाणी आणून दिलं.
घरी आले तर गंगूबाई ओट्यावर. "उद्या सकाळीच ये, पावन्या बाया खोळंबत्यात."
मी म्हणाले, मंगळवारपर्यंत नाही.
तिला आधी थट्टाच वाटली. मग म्हणाली, "मंग माजी पोर मोकळ्या हातानं बोहल्यावर चढवू का?"
मी म्हणाले, जुन्या असू दे, बुधवारी येऊन भरते.
"लगीन झाल्यावर?"
एवढंच बोलली. चहा ठेवला होता, घेतला नाही. चप्पल घालताना वळून बघितलंसुद्धा नाही.

शनिवार, २५ मे
पहाटे उठून टोपली भरली. खाली तरट, वर हिरव्या, एका बाजूला अलकीसाठी वेगळ्या काढलेल्या, बारीक सोनेरी रेघेच्या. पदर खोचला, पाटाच्या पुलापर्यंत गेले. तिथं पाय अडला. समईला हात लावलेला. सगळा गाव साक्षीला. विधवा बाई, त्यात शब्दाची कच्ची, असं कुणी म्हणायला नको, हेच डोक्यात.
परत फिरले तर पुलावर भाऊजी लुनावरून पलीकडनं येताना. पुढं कापडी पिशवी. मी विचारलं, कुठं गेला होता? "पावन्याकडं गेल्तो वहिनी. तुमी टोपली घेऊन कुटं?" मला चोरी पकडल्यासारखं झालं. म्हणाले, कुठं नाही, परतच चाललेय. "शाब्बास," म्हणाले. "तुमच्यासारखी मानसं हायती म्हनून गाव हाय."
शाब्बास म्हणाले मला!

रविवार, २६ मे
लग्नाला गेले. बोलावणं मागंच होतं, तोंड लपवून बसणं जमेना. बँड नव्हता, नुसती सनई. मंडपात शिरले तर साऱ्या करवल्यांचे हात हिरवेगार.
अलकी पाया पडायला वाकली. दोन्ही हात भरलेले. आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ओरखडा, ताजा. मला कुणी सांगायला नको. हात मऊ सोडू न देता बांगडी रेटायची घाई या पंचक्रोशीत एकाच कासाराला. लुना. पिशवी. पावणे. कपाळ माझं! समोर दिसत होतं नि मी शाब्बासकी घेऊन घरी आले.
गंगूबाईला कोठीत गाठलं. ती काही रागावलेली नव्हती. तेच वाईट. कीव आल्यासारखी बोलली. "अगं, मला आदी खरं सांगायचंस. दुखवट्याचं कशाला पुडं केलंस? दत्तूभाऊ म्हनले, वहिनीनंच धाडलंय. म्हनाली, माज्या हातानं नगं, मी अशी, पोरीला कायतरी झालं तर मला पाप लागंल."
मी म्हणाले, असं मी बोलले नाही.
"मंग आली का न्हाईस?"
आले नव्हतेच मी.
न जेवता निघाले. केसानं गळा कापला मेल्यानं. माझ्याच तोंडून मला अपशकुनी म्हणवलं.

सोमवार, २७ मे
भाऊजींच्या घरी गेले. ओट्यावर पेपर वाचत होते. विचारलं सरळ.
"हळू बोला वहिनी. लगीन थांबतंय का कुनासाठी? तुमी न्हाई म्हनला. राहुरीचा कासार येऊन भरून गेला असता. त्यापरीस घरातल्या घरात ऱ्हायलं."
समईपुढं सात दिवसांचं कोण बोललं होतं?
"ते सभेतलं."
मग विचारलं, आणि माझ्या नावावर ते बोललात ते? तर पेपरची घडी घालत बसले. म्हणाले, "गावात बोलत्यातच की लोक. मी काय नवं बोललो?"
आठवड्यात किती घरं केलीत विचारलं, तर आत वळून चहा सांगितला. जाऊबाई आतून चहा घेऊन आल्या. या वेळी मी घेतला नाही.
हळद उचललेली. त्यांनीही, मीही. देवीला तरी भ्यायचं होतं.

बुधवार, २९ मे
सातच्या आत फळ्या काढल्या. दिवसभरात दोन पोरी, रिबिनी घेऊन गेल्या. समोर भाऊजींकडं पाटाकडच्या तिघी ओळीनं बसलेल्या. एकीच्या लेकीला मी पहिल्या मनगट्या घातल्यात. तिनं मान खाली घातली, मीही.
राग कुणाचा जास्त येतो, कळत नाही. त्यांनी फसवलं. पण अलकीला नाही कुणी म्हटलं? मीच. ज्या बाईनं भर बाजारात माझ्यापुढं हात केला, तिला मी सभेतला शब्द दाखवला. त्या फोटोतल्या माणसाला माझ्या बांगडीचं काय होतं?

रविवार, १६ जून
मतदान झालं, बोटाला शाई. लग्नं संपत आली. एका वस्तीवरून बोलावणं नाही. काल आपणहून टोपली घेऊन निघाले, तीन घरी गेले. "झाल्या भरून," "सध्या न्हाई," आणि तिसरीकडं म्हातारीनं गुळपाणी दिलं, गोड बोलली, पण सुनेला बाहेर येऊ दिलं नाही.
भाऊजींच्या दुकानात तो फोटो अजून आहे. प्लॅस्टिकचा हार घातलाय. रोज सकाळी उदबत्ती लावतात मेले, आणि मग गिऱ्हाईकाला हाक मारतात.
सासूबाई म्हणाल्या, दुकान देऊन टाकू दत्तूला, तो मागतोय. म्हणजे हेही बोलून झालंय! म्हटलं, आधी मला विकायला काढा मग दुकान काढा. रडल्या. मग मीही.

मंगळवार, २५ जून
वटपौर्णिमा दोन दिवसांवर. समोर रीघ, माझ्याकडं कुणी नाही. दुपारी पायरीवर सावली पडली. अलकी, नऊवारीतली सासू बरोबर. अलकीच्या उजव्या हातातल्या दोन वाढल्या होत्या. समोरून भाऊजींनी हाक मारली, "ये गं पोरी, इकडं ये." ती आली नाही. माझ्यापुढं मांडी घालून बसली, हात पुढं केला. आईसारखाच, थेट.
"मावशी, भर."
मी त्या सोनेरी रेघेच्या काढल्या. अजून वेगळ्याच ठेवल्या होत्या. हात हातात घेतला, मऊ सोडायला सांगितला. ओरखड्याची खूण राहिलीय.
सासू दुकानभर बघत होती. भिंतीवर यांचा फोटो, त्याला हार. मग माझ्या कपाळाकडं. म्हणाली, "मालक कवा गेले?"
म्हणाले, चार वर्षं झाली.
ती बाई उठली, पायरीवर जाऊन उभी राहिली. समोर भाऊजी हसून नमस्कार करत होते. अलकीनं हात माझ्या हातातून काढून घेतला नाही. मीही सोडला नाही. म्हणाले, "पोरी, तुझा चुडा भरायला यायला पाहिजे होतं मी. चुकले. तुझ्या आईला सांग. आणि तुझ्या सासूला समोरून जे सांगितलं जाईल, ते मी म्हणालेलं नाही, हेही सांग."
मग भरल्या. दोन, आणि वर एक रिवाजाची. ओरखडा उठला नाही.
अलकी उठली, पदर हातात धरून वाकून पाया पडली, चुडा भरल्यावर पडतात तशी. सासू बघत होती. तिनं नमस्कार केला नाही, की हातही पुढं केला नाही. तिचे स्वतःचे हात अजून भरायचे होते. पायरी उतरताना म्हणाली, "पंचमीला बगू."
रस्ता ओलांडताना त्या कुठं वळल्या, ते मी बघितलं नाही. टोपलीत तोंड घालून बांगड्या नीट लावत बसले.
नागपंचमीचा माल आठ दिवसांत सांगावा लागेल.