वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मेडशीच्या घरात, तुमच्याच टेबलावर, तुम्हाला लिहायला बसलोय. मुंबईत मी बँकांचा वकील आहे, मोठ्या कर्जांचे दोन-दोनशे पानी करार लिहितो. तुम्ही मालेगावात रजिस्ट्री कचेरीसमोरच्या टपरीत दस्त लिहायचे. माझा धंदा तोच, फक्त कोट घालून.

लॉच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीत तुमच्याजवळ बसलो होतो. शिरपूरची एक म्हातारी पुतण्याला घर बक्षीस लिहून द्यायला आली. पुतण्याची सारखी घाई, म्हणून मी शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या हातावर फाडकन मारलं. "वाचून दाखोल्याबिगर आंगठा घेतं का रे? कायची घाई हाय तुले?" असा राग आला होता तुमचा! तुम्ही ओळ न् ओळ वाचली. ती म्हणाली, "पण मले मरेपर्यंत तिथं राहता येईन ना, भाऊ?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुम्ही कागद फाडला आणि नवा घेतला.

मी नवखा असताना फर्मच्या साहेबांनी भागीदारांचा करार माझ्याकडून लिहून घेतला. सोडून जाणाऱ्यानं दोन वर्षं आधी कळवायचं, पुढे तीन वर्षं कुठेही वकिली करायची नाही. साहेबांनी पाठ थोपटली, मी हुरळलो. मागच्या वर्षी मलाच भागीदार केलं. पेढे वाटणं चालू होतं, मी त्याच कराराचं थेट शेवटचं पान काढून सही ठोकली.

आता आईचे गुडघे गेलेत, ती एकटी आहे. फर्म सोडून इथे जवळ वाशिमला ऑफिस टाकायचं ठरवलं, करार उघडला, तर समोर माझंच वाक्य. दोन दिवस फट शोधतोय. ठेवलीच नाही मी, वा रे वकील! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पाच वर्षं थांब कसं म्हणायचं?

सकाळी तिनं विचारलं, "येतं ना मंग वाशिमले?" सांगावंच लागलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "सही कराच्या आंधी वाचलं तर होतं ना? तुह्या बापानं शिकोलं होतं."

मी हो म्हणालो, बाबा. हे पत्र तुमच्या खणात ठेवतो. आईला वाचता येत नाही, आणि मी तिला वाचून दाखवणार नाही.