भरवशाची रायफल

मॅडम, मी रायफल घेतली. माझी स्वतःची, परवान्यावरची, स्पर्धेत उतरण्यासाठी. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "कशाला?" आणि मी उत्तर जुळवेपर्यंत लगेच पुढचं, "कुठली?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून धड देता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला बरेच महिने असं काही घेरलं होतं की घरातले वैतागले. नवऱ्याशी बोलून झालं, रेंजवरच्या लोकांशी बोलून झालं, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्या तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे.

दुकान चष्म्याचं आहे, कॉलेज रोडला. तुमच्या हाताखालची एनसीसीची कॅडेट पुढे काय झाली, तर ही झाली. एके दिवशी एक काका आले. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे निफाडकडचे, बोलणं मोकळंढाकळं. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "ताई, मला लांबचं नको अन् जवळचंबी नको. हात पुढं केला ना, त्याच्याही थोडं पुढं, तिथलं मला कडक दिसलं पाहिजे. बाकी धुरकट दिसलं तरी चालतंय." असा नंबर मागणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नव्हतं. आणि तरी ऐकताक्षणी मला कळलं. मी म्हटलं, "फोरसाइट स्पष्ट, टार्गेट धुरकट?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "तुम्हाला कसं काय ठाऊक?" तुमचं वाक्य होतं ते, मॅडम. पोटावर आडव्या पडलेल्या आम्हा मुलींच्या मागून फिरत तुम्ही तेच तेच सांगत असायचात: डोळा एकाच ठिकाणी ठरतो, तो नळीच्या टोकावरच्या फोरसाइटवर ठरू दे, टार्गेट धुरकट झालं तर होऊ दे. काकांना मी हवी तशी काच बसवून दिली आणि पुढच्या रविवारी ते मला शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. पहिल्या दिवशी क्लबच्या रायफलीवर गाल टेकवला तेव्हा तेलाचा तोच वास आला. तुमच्याकडे शिकलेलं किती उरलंय ते बघावं एवढंच मनात होतं. श्वास अर्धा सोडून थांबायचं हे उरलं होतं. खांदा सैल ठेवायचा हे पार विसरले होते.

तिथे चहाच्या वेळी सगळे मोबाइलवर एक खेळ बघत बसतात. तुमच्या वेळी तो आपल्याकडे कुणाला माहीतही नव्हता. पिस्तुलाच्या गोळीवर चालणारी आखूड बंदूक, म्हणजे कार्बाइन, घेऊन परदेशातली माणसं धावतात, थांबतात, लोखंडी पाट्या पाडतात, पुन्हा धावतात. आपल्याकडे तसली गोळी साध्या माणसाला मिळत नाही, तेव्हा तो नाद पडद्यापुरताच. पण मला बघायची सवय लागली, ती धावण्यामुळे नाही, तर त्या लोकांच्या बोलण्यामुळे. स्पर्धेसाठी कार्बाइन कुठली घ्यावी यावर ते तासन्‌तास बोलतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेम किती बारीक बसतो हा नसतोच. अडकते का? प्रत्येक वेळी सुटते का? वेगवेगळ्या बनावटीच्या गोळ्या पचवते का? न पुसता वापरली तर काय करते? एकजण तर म्हणत होता की बंदूक चांगली आहे असं मालकाने सांगितलं की तो तिथूनच शंका घ्यायला सुरुवात करतो. मला तुमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली.

स्वयंपाकघराच्या आधी तो दिवस यायला हवा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधीचा सराव चालू आहे. पाऊस नुकताच संपलाय, मातीच्या बांधावर गवत माजलंय. मी पॉइंट टू टू रायफल घेऊन पडले आहे, घोडा दाबते, आणि नुसता टक्क आवाज येतो. गोळी सुटत नाही. मला वाटतं, खराब निघाली. मी वैतागून उजवीकडे वळते, तुम्हाला दाखवायला, आणि माझ्याबरोबर रायफलीची नळीही वळायला लागते. बाजूला माझी मैत्रीण पडलेली आहे. तेवढ्यात तुमचा हात येतो. तुम्ही ओरडत नाही, हात येतो आणि नळी पुन्हा समोर, खाली दाबली जाते, आणि त्याच क्षणी गोळी सुटते. समोरच्या चिखलात जाते. घोडा दाबल्यानंतर उशिरा सुटलेली गोळी. मैत्रिणीला तर काही कळलंही नाही. ती आपली पुढच्या गोळीच्या तयारीत होती. मग मात्र तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात ते अजून कानात आहे. "आवाज आला नाही म्हणजे गोळी मेली, हे तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं? गोळीने सांगितलं? नळी समोर ठेवायची आणि थांबायचं. मरेपर्यंत थांबायला लागलं तरी थांबायचं!"  

संध्याकाळी तुमच्या क्वार्टरवर आले ते एनसीसी सोडते असं सांगायला. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. मला पाटावर बसवलंत आणि बोलू न देता कुकरच्या झाकणाची शिट्टी काढून उजेडाकडे धरलीत, तिच्यातून फुंकलंत, मग परत बसवलीत. "रोज बघता?" मी विचारलं, रडं आवरायला काहीतरी बोलायचं म्हणून. "रोज. काल चांगली होती म्हणून आजही असेल, असा काही तिने मला शब्द दिलेला नाही." मग भात लावून तुम्ही पदराला हात पुसलेत आणि कपाटावरून एक छोटी पुडी काढलीत. तीत त्या गोळीचं रिकामं पितळी टोपण होतं, गोळी सुटल्यावर मागे उरते ती पुंगळी. शेजारी तुमचं जाड भिंग. "उद्या हे मोजून परत द्यायचंय, आजच बघून घे. काय झालं असेल गं?" तुमच्या आवाजात राग नव्हता, समजूत घालणंही नव्हतं. तुम्हाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. टोपणाच्या कडेवर घोड्याच्या सुईची खूण होती, आणि ती उथळ होती. तुम्ही म्हणालात, सुई हळू आदळली असेल. नाहीतर आतल्या बारुदाला पावसाची ओल लागली असेल. नाहीतर कडेत मसाला सगळीकडे सारखा बसला नसेल. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या तुम्ही, एकामागून एक शक्यता मांडत गेलात, शेवटी डोकं हलवून म्हणालात, "मला नाही माहीत." मोठ्या माणसाच्या तोंडून हे इतक्या मजेत म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आपण वरण-भात जेवलो, आणि सोडते हे सांगायचं राहूनच गेलं. निघताना भिंग माझ्या हातात ठेवलंत. "तुझ्याकडेच राहू दे. डोळे चांगले आहेत तुझे, नुसते घाईत असतात." त्या भिंगामुळे मी चष्म्याच्या धंद्यात आले असं म्हणायला छान वाटलं असतं, पण तसं नाही. दुकान सासऱ्यांचं होतं.

तर रायफल. परवाना आला आणि रेंजवर विकाऊ असलेल्या दोन रायफली माझ्यासमोर आल्या, दोन्ही पॉइंट टू टू, दोन्ही जुन्या. एक साधी, लाकूड काळपट पडलेली, मूठ घासून गुळगुळीत झालेली. तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच मत: हिने कधी दगा दिला नाही. दुसरी देखणी, दस्त्याला हवं तिथे सरकवता येईल असे स्क्रू, आधीचा मालक पदकं मिळवलेला. तिच्याबद्दलही एकच मत: नखरेल आहे, अडकते. काका तर हट्टालाच पेटले. "ताई, डोळे मिटून ती काळी उचला. लय भरवशाची वस्तू हाये." मी म्हटलं, "काका, डोळे मिटून घ्यायची असती तर मी चष्मे कशाला विकले असते?" ते हसले, पण त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मग माझे रविवार सुरू झाले. दोन्ही रायफली मालकांच्या परवानगीने, रेंजवरच, एकाच टेबलावरून, एकाच अंतरावर. थंड नळीने आणि तापलेल्या नळीने. पुसून आणि न पुसता. तीन बनावटीच्या गोळ्या आळीपाळीने. काळीचा नेम सुंदर होता. पाच गोळ्यांची पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जात. देखणी खरोखरच अडकली, दोनदा, आणि काकांनी "बघा!" म्हणून माझ्याकडे पाहिलं. पण ती अडकली ती एकाच बनावटीच्या गोळ्यांवर, आणि न पुसलेली असतानाच. दुसऱ्या दोन बनावटींवर ती एकदाही अडकली नाही. मला हे फार गमतीचं वाटलं. आधीच्या मालकाने कधी कारण शोधलंच नसेल का? की शोधून, नुसतं मनात ठेवून विकायला काढली? तिसऱ्या की चौथ्या रविवारी काळीवर टक्क झालं. नुसतं टक्क. मी नळी समोर ठेवून थांबले. काका म्हणाले, "गोळीच खराब हो." मी थांबूनच राहिले. काहीच झालं नाही. बऱ्याच वेळाने गोळी बसते तिथला बोल्ट उघडला, गोळी जराशी फिरवून परत घातली, आणि ती व्यवस्थित सुटली. म्हणजे गोळी खराब नव्हती.

त्या दिवशी रेंजवाल्यांना विचारून दोन्ही रायफलींची मूठमूठभर रिकामी टोपणं वेगवेगळ्या रुमालांत बांधून दुकानात आणली. काउंटरवर पांढरा कागद पसरून, भिंग लावून, एकेक बघत बसले. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक आलं तर फ्रेम दाखवणार आहेस की काडतुसं?" मी त्यालाच भिंग दिलं. त्याने आधी देखणीची टोपणं पाहिली. सगळ्यांवर खूण एकाच जागी, एकाच खोलीची. मग काळीची. काही खोल, काही उथळ, एकावर तर नुसता ओरखडा. ते त्याने बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "ही दमलीय गं." सुईमागची स्प्रिंग थकली होती, इतकंच. इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही, कारण सगळ्यांचा तिच्यावर भरवसा होता.

मी देखणी घेतली. काका दोन रविवार माझ्याशी तुटक बोलत होते. तिसऱ्या रविवारी मी न सांगता टोपणं आणि भिंग त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी नवीन चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "आयला." त्यानंतर त्यांनी काय करावं? काळी त्यांनीच विकत घेतली, कारागिराकडून स्प्रिंग बदलून घेतली, आणि आता ती खरोखरच भरवशाची झाली आहे. माझ्याहून चांगले गुण काढतात. "तुमच्यामुळं मिळाली," म्हणतात, आणि मला डिवचायला जोडतात, "तुमची नखरेल पुसली का?" पुसते मी. दर वेळी.

गेल्या महिन्यात स्पर्धा झाली, माझ्या वयाच्या बायकांच्या गटाची. गट कसला, मूठभर बायका. सकाळी वारा होता, झेंडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फडफडत होते. माझ्या शेजारच्या बाईंची गोळी अडकली, पंच आले, त्यांचा सगळा ताल गेला, आणि मला वाटलं, आता माझी पाळी. पण माझी प्रत्येक गोळी सुटली. प्रत्येक गोळी मी पाठवली तिथेच गेली. काही मी चुकीच्या जागी पाठवल्या, हा दोष सर्वस्वी माझा. पदक नाही मिळालं. घरी येताना मी गाडीत गुणगुणत होते, तर नवरा म्हणाला, "हरलीस ना?" मी म्हटलं, हो, पण कशामुळे ते मला कळलंय. वारा वाचायला मी शिकलेलीच नाही. आता ते शिकायचं आहे. तुम्हाला ते येत होतं का? तुम्ही आमच्यासमोर कधी गोळी झाडलेली मला आठवत नाही. मी विचारलंही नाही कधी, आणि हे आता कुणाला विचारावं तेही कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून भिंगाच्या डबीत ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण उद्या कुणी तुमचं नाव घेतलं तर तुम्हाला ठाऊक असावं. रेंजवर सगळे विचारत होते की एवढं तपासायची बुद्धी मला कुठून झाली. तेव्हा मी म्हटलं, "आमच्या मॅडम म्हणायच्या, भरवसा ठेवायचा नसतो, रोज मिळवायचा असतो." लोकांना ते फार आवडलं. काकांनी तर खडूने रेंजच्या फळ्यावर लिहिलं, खाली "एनसीसीच्या मॅडम" असंही. मॅडम, तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. ते मीच तिथल्या तिथे रचलं. पुसायला सांगावं असं रोज ठरवते, आणि दर रविवारी आत शिरताना आधी त्या फळ्याकडे बघते, अजून आहे ना म्हणून.