वडिलांच्या पलंगाचा बाक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा जुन्या फर्निचरला हाताने घडवलेले पितळेचे व तांब्याचे काम जोडून ते पुन्हा वापरात आणणे, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा धाक नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. जिन्याची तिसरी पायरी तिने आधी बदलून घ्यावी. मी वर्षानुवर्षे नुसती म्हणत आले.

कलम २. खिडकीच्या जुन्या झडपेत बसवलेला, तांब्याच्या चौकटीचा आरसा थोरल्या बहिणीला. "डबे ठोकून कुणाचं भलं झालंय?" असे तिने मला सुनावले होते. चौकट घासून चकचकीत करू नये. काळसरपणा मी मुद्दाम आणला आहे.

कलम ३. कार्यशाळा, ऐरण, हातोड्या व कातऱ्या धाकट्या भावाला. तो सुतार आहे. हे मी देत नाही, परत करते आहे. वडिलांनी सगळे एकट्या माझ्या नावे केले, ते एका खोट्यापायी.

सत्तावीस वर्षांपूर्वी वडील, आमचे आप्पा, इस्पितळात होते. डॉक्टर म्हणाले, "मनाची तयारी ठेवा." त्याच आठवड्यात मला प्रदर्शनासाठी बाक करायचा होता आणि मनासारखे लाकूड मिळत नव्हते. वडिलांचा सागवानी पलंग घरात रिकामा पडला होता. मी तो कापला. उशाकडच्या फळीची पाठ केली, बाजूच्या पट्ट्यांची बैठक, आणि पाठीवर पितळी पत्र्याची वेल ठोकून बसवली. इतके चांगले काम माझ्या हातून पुन्हा झाले नाही.

नवव्या दिवशी इस्पितळातून फोन आला, धोका टळला, वडिलांना घरी घेऊन जा.

मदतीला आलेला भाऊ वडिलांच्या रिकाम्या खोलीच्या दारातच थबकला. "ताई, हे काय केलंस?" मी त्याला बाक दाखवला. मग तोच म्हणाला, "मी कापला म्हणून सांगतो. तुला त्यांच्याजवळ राहायचंय. माझं बिऱ्हाड वेगळं आहे. चिडतील चार दिवस."

सहा वर्षे चिडले. वडिलांनी गादी जमिनीवर घालून घेतली, नवा पलंग आणू दिला नाही, भावाला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. "माझ्या मरणाची वाट बघत होता," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी शेजारी बसून त्यांना औषध पाजत असे. रोज ठरवायची, आज सांगते. ते गेल्यावर तरी सांगता आले असते. पण कागद माझ्या नावे निघाले आणि मी पुन्हा गप्प बसले. थोरली बहीण भावाशी अजून बोलत नाही.

कलम ४. तो बाक प्रदर्शनाला गेलाच नाही. कार्यशाळेत चादरीखाली आहे. तोही भावाचा. बसावे, नाहीतर जाळावा.

हा मसुदा मी गेल्या आठवड्यात भावाला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला.

"तिसरं कलम काढून टाक," म्हणाला.

"का?"

"आप्पांना माहीत होतं. शेवटच्या महिन्यात तू बाहेर गेली असताना त्यांनी मला बोलावून घेतलं. पहिल्याच वर्षी, चालता येत होतं तेव्हा, त्यांनी बाकावरची चादर उचलून बघितली होती. म्हणाले, तिला ठोकायला मीच शिकवलं, तिचा हात मला कळत नाही होय?"

"मग तुला घराबाहेर का ठेवलं?"

"तेही विचारलं. म्हणाले, तिच्यावर चिडलो असतो तर मला उठवून कुणी बसवलं असतं?"

"आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू त्यांचं सगळं केलंस, ताई. वर हेही कशाला?"

कलम काढलेले नाही.

कलम ५. हे मृत्युपत्र मी पाकिटात बंद करत नाही. माझ्यामागे वाचले गेले, तर ऐकून घ्यायला मी पुन्हा समोर नसेन. येत्या रविवारी थोरल्या बहिणीला बोलावले आहे, भावालाही. तिसरे कलम मी तिच्यासमोर उभी राहून वाचणार आहे. तिला जे बोलायचे असेल ते तिने मला बोलावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही : लिहून देणार
ठिकाण : कार्यशाळा, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ५ मार्च, गुरुवार

साक्षीदार :
१. समोरच्या दुकानातले शिंपी
२. कपाट दुरुस्तीला घेऊन आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका