खिडकीखालची खाट

३ नोव्हेंबर २०२५, तलासरी

आले एकदाची. विनोदला वापीच्या कंपनीत नोकरी, मला इथल्या रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात नर्स म्हणून बदली. लग्नाला आठ वर्षं झाली, पण नवराबायको एका छताखाली पहिल्यांदाच. त्यात मला सहावा लागलाय, म्हणजे छताखाली लवकरच तिघं. मी ठरवून टाकलंय, बाळंतपण याच कक्षात. जिथं दुसऱ्यांची बाळं हातात घ्यायची, तिथं आपलं का नको?

आया जयवंतीबाई कोसबाडच्या. दुपारी घरचे चिकू दिले आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची गोष्ट सांगितली. एका पोटुशा बाईला दर्शनाला डोंगर चढवेना, म्हणून देवीच पायथ्याला उतरली. देवी असावी तर अशी. चिकूही फार गोड होते.

५ नोव्हेंबर

कक्ष नीटनेटका, पण खिडकीखालच्या खाटेवर चुरगळलेली, डाग वाळलेली चादर. मला असलं बघवत नाही, जन्माची खोड. स्वतःच काढली, धुवायला टाकली, पांढरीशुभ्र घातली.

जयवंतीबाई दारातच थबकल्या. इथली रीत म्हणे अशी, की अडलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पुढे पाठवलं, की ती पोचल्याचा निरोप येईपर्यंत तिची चादर बदलायची नाही. बदलली म्हणजे तिची वाट बघणं सोडलं. ही खाट चिमीची. उन्हाळ्यात तिला ठाण्याला पाठवलं, ती वाटेतच गेली, बाळासकट. पोचल्याचा निरोप कुठून येणार? म्हणून चादर तशीच.

मी सगळ्यांना स्वच्छतेवर छोटंसं भाषण दिलं आणि चहा प्यायले.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांची बदली झाली. भूल देणारे तर आधीपासूनच नव्हते. वरून आदेश आलाय, नव्या वर्षापासून इथली बाळंतपणं बंद, सगळ्यांना पुढे पाठवायचं. सुरक्षिततेसाठी म्हणे. कळा देणाऱ्या बाईला दोन-अडीच तास गाडीत घालून कसली सुरक्षितता, हे विचारायचं तर समोर माणूसच नाही. देवी खाली उतरली आणि दवाखाना लांब चाललाय.

माझी तारीख मार्चमधली. विनोद म्हणतो, आधीच कऱ्हाडला माहेरी जा. बघू.

२ डिसेंबर

कक्षात एकही रुग्ण नाही. तरी खिडकीखालची चादर चुरगळलेली, मधोमध ओली. कोणीतरी दुपारी आडवं झालं असेल. बदलली.

९ डिसेंबर

पुन्हा. जयवंतीबाई हात जोडून म्हणाल्या, राहू द्या. मी बदलली. हट्टानेच. मग दिवसभर बाळ हललं नाही. संध्याकाळी हललं, तेव्हा कुठे घास गिळला.

१६ डिसेंबर

भर दुपारी एक बाई त्या खाटेवर बसली होती. दोन्ही हात पोटावर. मला नवी केस वाटली, नाव विचारलं. “चिमी,” म्हणाली. मग म्हणाली,

“माजी खाट कोनाला दिली, बाय? मी आजून पोचली नाय.”

माझ्या पोटाकडे तिने पाहिलं. रागाने नाही. कीव आल्यासारखं. मला त्याचीच भीती वाटतेय.

२२ डिसेंबर

चिमीची ती जुनी चादर परत घालायला शोधतेय. धोब्याकडे नाही. कपाटात नाही. रजा टाकली. उद्या कऱ्हाड. उद्याच.

२३ डिसेंबर

सकाळपासून कळा. एवढ्यात नको, सातवाच आहे — कऱ्हाड राहिलं, कक्षात आले तर तो रिकामा करायला माणसं आलीत, गाद्या गुंडाळतायत. खिडकीखालचीच खाट उरली होती. तिच्यावरच पडले. डॉक्टर नाही. मीच म्हणाले, पुढे पाठवा. मी —

गाडीत. सोबत नर्स नाही, कक्षातली नर्स मीच. जयवंतीबाई तिकडेच राहिल्या. विनोद परस्पर ठाण्याला येतोय. लिहिताना कळ जरा विसरते. महालक्ष्मीचा डोंगर दिसला. सुदाम गाडी छान चालवतो.

पुन्हा डोंगर. मघाचाच. सुदामला विचारलं. म्हणाला, आत्ताच तर आला, बाई.

डोंगर — ऊन तिथंच, सावली तिथंच — सुदाम मागे वळत नाही —

कोणीतरी हात धरलाय. ओला आहे. म्हणते, भिऊ नको बाय, मी पन येते.

बाळ हललं. हललं, मला कळलं —

ती माणसं गाद्या गुंडाळतायत. जयवंतीबाईंना सांगा, खिडकीखालची — माझी चादर काढू देऊ नका. मी अजून पोच